काय करायचं नाही, हे ठरवणाऱ्या कंपन्या

आर्थिक वर्ष संपत आलं की कंपन्यांमध्ये पुढच्या वर्षाचा आराखडा मांडायची लगबग सुरू होते. लोणावळ्याला किंवा महाबळेश्वरला एखादं हॉटेल ठरतं, दोन दिवस पडद्यावर स्लाइड सरकतात आणि शेवटी एक जाडजूड अहवाल तयार होतो. विक्री पंचवीस टक्क्यांनी वाढवायची, खर्च दहा टक्क्यांनी कमी करायचा, दर्जात तडजोड करायची नाही, ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवायचं, नव्या बाजारपेठा शोधायच्या. या अहवालाला स्ट्रॅटेजी म्हणतात. माझ्या मते त्यात स्ट्रॅटेजी क्वचितच असते. मुखपृष्ठावरचं नाव खोडून तिथे स्पर्धक कंपनीचं नाव घातलं तरी आतली एक ओळही बदलावी लागत नसेल, तर त्या कागदाने काहीच ठरवलेलं नाही.

मग व्यवसायाची रणनीती प्रत्यक्षात असते कुठे? या प्रश्नावर गेली साठेक वर्षं जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि आपल्या आसपासच्या उद्योगांनीही त्याची उत्तरं आपापल्या व्यवहारातून दिली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. ज्यांच्याकडे रणनीती होती त्यांनी काहीतरी मोलाचं सोडलं होतं, आणि त्या सोडण्याची किंमत वर्षानुवर्षं मोजली होती.

विद्यापीठांतला हा विषय तसा तरुण आहे. आल्फ्रेड चँडलर या इतिहासकाराचं ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’ १९६२ साली आलं. ड्यूपाँ, जनरल मोटर्स यांसारख्या अमेरिकन कंपन्या वाढत गेल्या तशी त्यांची अंतर्गत रचना कशी बदलली, हे त्यांनी दाखवलं. तीन वर्षांनी इगॉर अ‍ॅन्सॉफ यांनी दीर्घकालीन नियोजनाची पद्धतशीर मांडणी केली. ब्रूस हेंडरसन यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७० च्या सुमारास कंपनीचे सगळे धंदे चार चौकोनांत बसवणारा तक्ता दिला. नफा देणाऱ्या पण न वाढणाऱ्या धंद्याला ‘दुभती गाय’ म्हणायची पद्धत तिथूनच पडली. मग १९८० मध्ये मायकेल पोर्टर आले आणि त्यांनी विचारलं की एखाद्या उद्योगातला नफा शेवटी कुणाच्या हाती लागतो : पुरवठादाराच्या, गिऱ्हाइकाच्या, नव्याने घुसणाऱ्याच्या, पर्यायी माल विकणाऱ्याच्या, की आपापसातल्या चढाओढीत तो जिरून जातो? १९९० मध्ये सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी नजर आत वळवली आणि कंपनीला मुळात काय उत्तम जमतं यावर भर दिला.

या काळात मोठ्या कंपन्यांत नियोजनाचे प्रचंड विभाग उभे राहिले. जनरल इलेक्ट्रिकचा विभाग त्यात सर्वांत नावाजलेला होता, आणि जॅक वेल्श यांनी ऐंशीच्या दशकात तो पार छाटून टाकला. हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९९४ साली या सगळ्या नियोजनशास्त्राचीच परखड झडती घेतली. त्यांचा आक्षेप साधा होता. नियोजन हे ठरलेल्या गोष्टीची आखणी करतं, पण काय ठरवायचं हे त्यातून निघत नाही.

मला या सगळ्या साहित्यातल्या दोन मांडण्या टिकाऊ वाटतात. पोर्टर यांनी १९९६ च्या एका लेखात म्हटलं की काम चोख करणं आणि रणनीती असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चोख काम सगळेच शिकतात, स्पर्धक तुमची यंत्रं विकत घेतो, तुमची माणसं फोडतो. वेगळेपण टिकतं ते परस्परविरोधी गोष्टींतली एक निवडल्यामुळे आणि बाकीची सगळी कामं तिला जुळवून घेतल्यामुळे. दुसरी मांडणी रिचर्ड रुमेल्ट यांची, २०११ ची. आधी अडचण नेमकी कुठे आहे याचं निदान, मग तिच्यावर कशी चाल करायची याची दिशा, आणि मग एकमेकींना बळ देणाऱ्या कृती. बहुतेक कंपन्या पहिली पायरी गाळून थेट आकड्यांवर येतात, ही त्यांची तक्रार आपल्याकडेही तंतोतंत लागू पडते.

आता दुकानात जाऊ. राधाकिशन दमाणी हे शेअर बाजारातलं मोठं नाव. किराणा व्यापारात उतरण्याआधी त्यांनी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून पाहिली होती. पहिलं डीमार्ट पवईत २००२ मध्ये उघडलं. तेव्हा भारतात आधुनिक किरकोळ व्यापाराची लाट नुकतीच उठत होती. किशोर बियाणींचं बिग बझार २००१ मध्ये सुरू झालं होतं आणि चेन्नईचं सुभिक्षा १९९७ पासून चालू होतं. पुढची सात-आठ वर्षं ज्याची दुकानं जास्त तो पुढे, असंच सगळे समजत होते. सुभिक्षाने भाड्याच्या छोट्या गाळ्यांतून देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं उघडली. डीमार्टची दुकानं त्या काळात मोजकी होती.

डीमार्टच्या कुठल्याही दुकानात शिरलं की या निवडी डोळ्यांना दिसतात. इमारत सहसा स्वतंत्र असते, झगमगत्या मॉलमध्ये नाही, आणि बहुतेक ठिकाणी ती कंपनीच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या कराराची असते. आत सजावटीचा सोस नाही. तूरडाळ, साखर, तेल, साबण, भांडी, रोजचे कपडे. एकेका वस्तूचे मोजके प्रकार आणि त्यांचे उंच ढीग. संध्याकाळी बिलाच्या रांगेत ट्रॉल्या दाटतात, कारण गिऱ्हाईक महिन्याचा बाजार एकदम भरायला आलेलं असतं. बिग बझारने २००६ पासून प्रजासत्ताक दिनाला ‘सबसे सस्ता दिन’ भरवला आणि त्याला अफाट गर्दी लोटली. डीमार्टने एका दिवसाचा महोत्सव करण्याऐवजी वर्षभर रोजच भाव कमी ठेवायचं ठरवलं.

या एकेका गोष्टीत नवल काहीच नाही. गंमत त्यांच्या जुळणीत आहे. जागा स्वतःची, म्हणून दरवर्षी वाढणाऱ्या भाड्याची चिंता नाही. प्रकार मोजके, म्हणून माल पटापट हलतो. माल हलतो म्हणून पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करता येतात, आणि पैसे लवकर मिळतात म्हणून तो भावात सूट देतो. ती सूट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते, म्हणून ते पुन्हा येतं आणि माल पुन्हा हलतो. नवी दुकानं जुन्यांच्या आणि गोदामांच्या टप्प्यातच काढली, म्हणून वाहतूक स्वस्त पडली. याची किंमतही तेवढीच खरी होती. जागा विकत घ्यायची तर भांडवल अडकतं, दुकानं सावकाश उघडतात आणि बाकीचे धावत असताना आपण मागे पडल्यासारखं दिसतं. ते दिसणं दमाणींनी पंधरा वर्षं सोसलं.

सुभिक्षा २००९ च्या सुरुवातीला कोसळलं. विस्तार कर्जावर चालला होता, हातात रोकड उरली नाही. बियाणींच्या फ्यूचर समूहाचं कर्ज डोक्यावरून गेलं, २०२० मध्ये धंदा रिलायन्सला विकायचा करार झाला, तो कज्ज्यात अडकला, आणि २०२२ मध्ये बिग बझारच्या कित्येक दुकानांच्या जागा रिलायन्सच्या ताब्यात गेल्या. डीमार्टची कंपनी मार्च २०१७ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा तिची १३१ दुकानं होती. मार्च २०२५ मध्ये ती ४१५ झाली. तरी तिचाही पेपर संपलेला नाही. दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या ॲपमुळे महानगरांतल्या दुकानांवर परिणाम होतो आहे, असं कंपनीनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. महिन्याचा बाजार एकदम भरणारं कुटुंबच बदलू लागलं, तर त्या कुटुंबाभोवती रचलेली सगळी जुळणी पुन्हा तपासावी लागणार.

रणनीती दुकानाच्या दर्शनी भागात न दिसता मागच्या बाजूला कशी राहते, याचं उदाहरण एशियन पेंट्स. १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी ही कंपनी काढली. शहरातले मोठे घाऊक व्यापारी परदेशी कंपन्यांशी बांधलेले. तेव्हा या नवख्यांनी घाऊक व्यापाऱ्याची पायरीच गाळली आणि तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला थेट माल द्यायला सुरुवात केली. पोळ्याला, म्हणजे सांगली-साताऱ्याकडच्या बेंदराला, शेतकरी बैलांची शिंगं रंगवतो हे हेरून त्यांनी छोट्या डब्यांत भडक रंग विकले, असं त्या दिवसांबद्दल सांगितलं जातं. आर. के. लक्ष्मण यांचा गट्टू १९५४ मध्ये आला, तो सगळ्यांना आठवतो. १९६७ मध्ये कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

पण मधला दलाल काढून टाकला की त्याचं कामही आपल्या गळ्यात पडतं. हजारो दुकानदार, शेकडो छटा, चार-पाच मापांचे डबे. कुठे काय संपेल हे आधी कळायला हवं, नाहीतर माल पडून राहतो किंवा गिऱ्हाईक परत जातं. कंपनीने १९७० मध्ये मोठा संगणक विकत घेतला आणि त्याला पगारपत्रकापुरतं न ठेवता कुठल्या गावात कुठली छटा किती लागेल याचे अंदाज बांधायला लावलं. आजच्या रंगाच्या दुकानात उभं राहिलं तर त्याच विचाराचं पुढचं रूप दिसतं. मागच्या फळीवर पांढऱ्या बेसचे डबे. गिऱ्हाईक पुस्तकात बोट ठेवतं, दुकानदार नंबर टाकतो, मशीन डब्यात थेंब-थेंब रंगद्रव्य सोडतं, डबा दुसऱ्या यंत्रात घुसळला जातो आणि झाकण उघडून छटा दाखवली जाते. शेकडो छटांचा साठा करायची गरज उरत नाही. दुकानदाराचं भांडवल मोकळं होतं, जागा वाचते, आणि गाडी दिवसातून एकाहून जास्त वेळा येत असल्यामुळे थोडक्या मालावर दुकान चालतं. जाहिरातीची नक्कल कुणीही करील. गावोगावच्या मागणीची पन्नास वर्षांची नोंद आणि दुकानदाराशी जमलेली घडी कुणी सहज उचलून नेऊ शकत नाही. बिर्ला समूहाने दहा हजार कोटींची गुंतवणूक जाहीर करून फेब्रुवारी २०२४ मध्ये रंगाच्या धंद्यात उडी घेतली आहे. ही घडी किती पक्की आहे याची परीक्षा आता होते आहे.

सोडण्याची किंमत किती कडू असू शकते ते आकुर्डीच्या बजाज ऑटोने पाहिलं. बजाजची चेतक १९७२ ची. नोंदणी करून वर्षानुवर्षं तिची वाट पाहणारी, मुलीच्या लग्नात ती आवर्जून देणारी घरं अनेकांच्या आठवणीत असतील. पण १९८५ मध्ये हिरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी मोटरसायकल आली, नव्वदच्या दशकात वारं फिरलं, आणि बजाजने २००१ मध्ये पल्सर आणून मोटरसायकलच्या जगात आपलं स्थान मिळवलं. डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करायचं जाहीर केलं. आपण मोटरसायकलचे तज्ज्ञ व्हायचं, सगळं थोडं-थोडं करायचं नाही, असा त्यांचा विचार होता. राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघडपणे सांगितलं. ज्या वाहनावर घराण्याची ओळख उभी राहिली, ते मुलाने बंद केलं होतं.

हा निर्णय बरोबर होता का? यावर अजून वाद चालतो, आणि तो चालायलाच हवा. होंडाच्या ॲक्टिव्हाने गिअर नसलेली स्कूटर घराघरात नेली आणि देशातल्या दुचाकी विक्रीत स्कूटरचा वाटा साधारण एक-तृतीयांशापर्यंत गेला. त्या वाढीत बजाज नव्हती. उलट बाजूला, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतली निर्यात, ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये २००७ पासून घेतलेला हिस्सा आणि चांगला नफा हे त्या एकाग्रतेचं फळ. २०१९ मध्ये विजेवर चालणारी चेतक दाखवून कंपनी स्कूटरकडे परतली. मला विचाराल तर, स्कूटर सोडल्याने तोटा झाला हे मान्य करूनही तो निर्णय रणनीतीचाच होता, कारण त्याने कंपनीची माणसं, पैसा आणि संशोधन एका दिशेने लागलं. दोन्ही दगडांवर पाय ठेवून कंपनीने काय मिळवलं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की रणनीती म्हणजे मालकाने एकदा शहाणपणाने निवड करायची आणि तिला चिकटून राहायचं. होंडाची अमेरिकेतली कथा हा समज मोडते. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अभ्यासात होंडाचं यश मोठ्या उत्पादनातून येणाऱ्या कमी खर्चाच्या हिशेबाने समजावून दिलं होतं. काही वर्षांनी रिचर्ड पास्कल यांनी जपानला जाऊन मूळ अधिकाऱ्यांनाच विचारलं आणि १९८४ मध्ये वेगळीच हकिकत छापली. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसला उतरलेली ही माणसं मोठ्या मोटरसायकली विकायला आली होती. अमेरिकन लोक त्या लांब पल्ल्यावर आणि वेगात पिटाळत, तेव्हा तेल गळू लागलं आणि क्लच निकामी होऊ लागले. कंपनीची माणसं स्वतः शहरात कामाला फिरायची ती पन्नास सीसीच्या छोट्या सुपर कबवर. लोक थांबून तिच्याबद्दल विचारू लागले, सिअर्ससारख्या बड्या दुकानातूनही विचारणा झाली. मोठ्या गाड्या अडल्यामुळे नाइलाजाने छोटी पुढे केली गेली, आणि १९६४ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास दर दोन मोटरसायकलींपैकी एक होंडाची होती. मिंट्झबर्ग यांनी या हकिकतीवर बराच भर दिला. रणनीतीचा काही भाग काम करता करता घडतो, आणि घडतो आहे हे ओळखायला रस्त्यावर कान देणारी माणसं लागतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना असाच अनुभव उलट्या बाजूने आला. लोखंडी नांगर तयार होता, पण लोखंडाने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली. मालाची गरज तुम्हाला पटणं वेगळं आणि शेतकऱ्याला पटणं वेगळं. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिल्यावर कारखान्याइतकंच लक्ष गावोगाव पोहोचण्याकडे गेलं, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. पुढे मराठी वाङ्मयात मानाचं स्थान मिळवणारं मासिक मुळात एका यंत्र-कारखान्याच्या घरचं पत्र होतं.

अशा यशकथा वाचताना सावध राहायला हवं. टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांनी १९८२ मध्ये ज्या उत्तम अमेरिकन कंपन्यांचं गुणवर्णन केलं, त्यांतल्या काही दोन-तीन वर्षांतच अडखळल्या. फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ मध्ये दाखवलं की कंपनी नफ्यात असली की तिच्या प्रत्येक सवयीत आपल्याला गुण दिसतात, आणि तोट्यात गेली की त्याच सवयी दोष ठरतात. पोर्टर ज्या मॉनिटर या सल्लागार संस्थेच्या संस्थापकांपैकी होते, तिने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. याचा अर्थ सिद्धान्त चुकीचा, असा काढू नये. नशीब, व्याजदर, सरकारी धोरण आणि स्पर्धकाचा मूर्खपणा यांचा वाटा आपण फार कमी धरतो, एवढंच.

मोठ्यांचं झालं. भोसरी, चाकण, वाळूज इथल्या लघुउद्योजकाला या सगळ्याचा उपयोग काय? त्याची ऐंशी-नव्वद टक्के विक्री एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला असते. भाव तो ठरवतो, पैसे तो ठरवील तेव्हा. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, आणि उशिरा दिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येणार नाही अशी तरतूद एप्रिल २०२४ पासून आयकरातही आली. तरी भिडेपोटी बरेच जण बोलत नाहीत. अशा कारखान्यात रणनीती स्लाइडवर शोधायची गरज नाही. ती उधारीच्या वहीत असते : कुणाला किती दिवस उधार द्यायचं, कुणाचं काम घ्यायचं नाही, आणि एका गिऱ्हाइकावरचं अवलंबन कमी करायला किती वर्षं कमी नफा सोसायचा. शेतकरी उत्पादक कंपन्यांचंही असंच आहे. २०२० मध्ये केंद्राने अशा दहा हजार कंपन्या उभारायची योजना आणली, पण नोंदणी झाली म्हणजे दिशा मिळाली असं होत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडली आणि नाशिकचे शेतकरी होरपळले. त्याच सुमारास मोहाडीला उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सने निर्यात स्वतःच्या हाती घेतली आणि पुढे टोमॅटोच्या प्रक्रियेसारखी कामं जोडली. एका फळावर आणि एका बाजारावर सगळं टाकणं किती महाग पडतं, हे निदान आधी झालं. इमारती नंतर आल्या.

आपल्याकडे उद्योजकांवर लिहिलेली पुस्तकं कमी नाहीत. त्यांत जिद्द असते, हालअपेष्टा असतात, आईच्या दागिन्यांवर काढलेलं कर्ज असतं, आणि ते सगळं खरंही असतं. निर्णय मात्र त्यांत फार थोडे सापडतात. कुठली ऑर्डर का नाकारली, चालू असलेलं कुठलं खातं का बंद केलं, तेव्हा समोर दुसरे कोणते मार्ग होते, घरात कोण विरोधात होतं, आणि अंदाज कुठे चुकला, हे कुणी लिहीत नाही. म्हणून प्रत्येक नवी पिढी पुन्हा परदेशी उदाहरणांवर शिकते. ज्यांनी तीस-चाळीस वर्षं महाराष्ट्रात कारखाना, दुकान किंवा संस्था चालवली आहे, त्यांना माझी विनंती आहे : पुढच्या स्मरणिकेत सत्काराचे फोटो कमी छापा आणि तुम्ही बंद केलेल्या, नाकारलेल्या आणि सोडून दिलेल्या कामांबद्दल कारणांसकट दहा पानं लिहा.